हाज सादोक यांचा रेडिओ

पटणार नसेल तर पुढे वाचू नका. पण मी त्या खोलीत होतो आणि माझी दोन बोटं अजून वाकडी आहेत.

ट्युनिशियातलं आमचं स्फाक्स शहर. मार्च २०१९ मधला शुक्रवार. रात्रबित्र काही नव्हती, भर दुपारचे दोन वाजले होते. जिन्यात घरोघरच्या कुसकुसचा, म्हणजे आमच्याकडच्या वाफवलेल्या रव्याचा, वास भरला होता.

माझा धंदा जुन्या रेडिओंचा. आतलं जळकं सामान काढून तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवायचा. त्यावर एक डॅक, म्हणजे इंटरनेटवरून आलेल्या आकड्यांचा पुन्हा स्वच्छ आवाज करणारी चिप. मोबाईलवर गाणं निवडा, रेडिओतून ऐका.

हाज सादोक यांचा कपाटाएवढा लाकडी रेडिओ मी तसा करून दिला होता. वय अठ्ठ्याहत्तर. बायको तरुणपणीच गेलेली. मुलगी मुनिरा आत जेवण वाढत होती.

मी गाणं लावलं.

"कानात बोळे घातलेस का रे पोरा? वाढव आवाज!"

"हाज्जी, भिंती पातळ आहेत. शेजारी मला शिव्या घालतील."

"इथले शेजारी कधीच काही बोलत नाहीत. वाढव!"

वाढवला.

गाणं संपलं. डॅक चांगला असेल तर दोन गाण्यांच्या मधे खरखरसुद्धा येत नाही. अगदी शांत.

त्या शांततेत... कुणीतरी धापा टाकत होतं.

बाई होती.

मी इंटरनेट तोडलं. धापा चालूच.

आणि मग... फाट्!

थोबाडीत मारल्याचा आवाज रेडिओतून आला आणि हाज सादोक यांची मान गर्रकन फिरली. ओठ फुटला. मी चार हात लांब उभा होतो.

"कोण... कोण मारतंय मला?"

दुसरा फटका. दात गालिच्यावर पडला.

मी भिंतीतली वायर उपसली. रेडिओचा दिवा विझला.

फटके थांबले नाहीत.

आता ते रेडिओतून येत नव्हते. थेट त्यांच्या अंगावर वाजत होते. गालावर, बरगड्यांवर, कानावर. हवेत कुणीच नव्हतं. म्हातारा खुर्चीतून उडाला आणि भिंतीवर आदळला.

दारात मुनिरा उभी होती. हातात ताट.

"मुनिरा, धर त्यांना!"

ती हलली नाही. ओठ मात्र हलत होते.

"नऊ... दहा..."

"मोजतेयस काय? मरतील ते!"

"एकोणीस होते, निझार भाऊ." तिचा आवाज सपाट होता. "मी पलंगाखाली होते. बाबा गाणं मोठ्यानं लावायचे, मग दाराला कडी. आईच्या शेवटच्या दिवशी एकोणीस. चौदा..."

मी त्यांच्यावर आडवा पडलो. काहीतरी माझ्या हातावर बसलं. दोन बोटं काडीसारखी मोडली. पुढच्या फटक्याला त्यांच्या खांद्याचं हाड तुटलेलं मला ऐकू आलं.

एकोणीस.

मग... काहीच नाही.

मुनिराने ताट जमिनीवर ठेवलं आणि स्वतःच रुग्णवाहिकेला फोन केला.

हाज सादोक वाचले. दोन्ही कानांचे पडदे गेले, बोलणं गेलं. डॉक्टरांनी लिहिलं, 'पडून इजा'. अजूनही तीच त्यांना घास भरवते.

त्यांना खाली नेताना शेजारीण दारात आली.

"अगं बाई, हाज्जींना काय झालं?"

"तुम्हाला ओरडणं ऐकू नाही आलं?" मी विचारलं.

"कसं येणार? गाणी केवढ्यांदा लावली होतीत! आत्ता कुठे बंद झाली."

वायर तर मी दुसऱ्या फटक्यालाच उपसली होती...

धंदा अजून तोच आहे. पण एखाद्या घरातून कान फाटेपर्यंत गाणी ऐकू आली, की मी जिना चढतो आणि दार ठोठावतो. बहुतेक वेळा माणसं दार उघडतात, मला हसतात.

दोनदा उघडलं नाही.