अकरा महिने चोवीस दिवस

कॅमेरा घ्यायचा ठरला तो फोन चोरीला गेला म्हणून. डिसेंबरच्या शेवटी सियालदह स्टेशनच्या गर्दीत कुणीतरी मधुराच्या पर्समधून तो अलगद काढला, आणि फोनबरोबर केतकीचे पहिले अकरा महिने गेले. पहिलं हसू, पहिला दात, पालथी पडून मग रडायला लागली तो व्हिडिओ, सगळंच. ऋषिकेश एका बड्या कंपनीत लोकांचा डेटा सांभाळण्याचं काम करायचा. घरच्या फोटोंची दुसरी प्रत मात्र त्याने कुठेच ठेवली नव्हती. यावर मधुराने त्याला काय काय ऐकवलं ते इथे सांगत बसत नाही.

"आता फोटो फोनमध्ये नकोतच," ती शेवटी म्हणाली. "वेगळा कॅमेरा घेऊ. कार्ड कपाटात राहील. आणि संक्रांतीच्या आत घेऊ, बोरन्हाण आहे तिचं."

नाशिक सोडून कोलकात्यात विमानतळाजवळ डमडमला येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. दोघांपैकी कुणालाच फोटोग्राफीचं वेड नव्हतं. घरातले चार साधे फोटो काढायचे, त्याला नवाकोरा कॅमेरा कशाला, असं म्हणून शनिवारी दुपारी ती तिघं एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक काउंटर आणि एक काचेचं कपाट. दुकानदार साठीचा, गळ्यापर्यंत माकडटोपी ओढून बसलेला. कोलकात्यात जानेवारीत पंखा बंद झाला की माणसं अशीच बसतात.

त्याने तीन कॅमेरे पुढ्यात ठेवले. पहिला चांगला होता, पण लेन्स तांब्याएवढी. "हा गळ्यात घालून मी केतकीला कडेवर कशी घेऊ?" मधुराने तो परत सरकवला. दुसरा देखणा होता. ऋषिकेशने लेन्स उजेडाकडे धरली तर आत बुरशीचे पांढरे बारीक धागे. इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, हे तो आठवडाभर वाचून आला होता आणि आता ते दोनदा सांगून झालं. तिसरा चंदेरी, तळहातावर मावणारा. लेन्स स्वच्छ, बॅटरी चांगली, चार्जरसकट. आतापर्यंत त्यावर किती फोटो निघालेत तो आकडा ऋषिकेशने खटपट करून काढला. चारशे बारा.

"चारशे बारा! अगं, हा जवळजवळ नवाच आहे."

"दीदी, ये घर का चीज़ है, स्टूडियो का नहीं," दुकानदार मधुराकडे बघून म्हणाला. "बच्चा का नाम डालिए, जनम का तारीख डालिए. चेहरा अपने से पहचान लेगा. उमर भी दिखाएगा."

"उमर?"

"कितना महीना, कितना दिन. सब."

मधुराला तेवढ्यानेच जिंकलं. एवढा चांगला कॅमेरा घेऊन कुणी चारशे फोटोंवर थांबतं का, आणि थांबलं तर का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण स्वस्तात कोरी वस्तू हाती लागली की माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

घरी आल्यावर केतकीचं नाव घालायला म्हणून मधुराने मेनू उघडला, तर तिथे आधीच एक नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, झिनुक. खाली आठ वर्षांपूर्वीची जन्मतारीख. ओळख पटावी म्हणून कॅमेऱ्यात चेहऱ्याचे तीन छोटे फोटो ठेवावे लागतात, तेही होते. गोल गालांचं बाळ. कपाळावर भुवयांच्या वर चंदनाच्या ठिपक्यांची ओळ. तिन्ही फोटोंत डोळे मिटलेले.

"झोपलेलं बाळ हलत नाही ना," ऋषिकेश म्हणाला. "काढायला सोपं. डिलीट कर ते."

मधुराचा अंगठा बटणावर गेला आणि परत आला. कुणाच्या तरी लेकराचं नाव आपल्या हाताने पुसायचं तिच्या जिवावर आलं. राहू दे, काय बिघडतंय, म्हणून तिने खाली दुसऱ्या ओळीत केतकीचं नाव घातलं. समोर केतकी चटईवर बसून वाटी आपटत होती. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिच्या तोंडाभोवती पिवळी चौकट आली आणि खाली अक्षरं उमटली. केतकी, ११ महिने २० दिवस. मधुराला इतका आनंद झाला की तिने एका दमात पंधरा फोटो काढले.

सोळाव्या वेळी दोन चौकटी आल्या.

एक केतकीच्या चेहऱ्यावर. दुसरी बाल्कनीच्या दाराजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे बसलेल्या बाळाचं डोकं येतं तिथे. तिथे नुसता पडदा होता. झिनुक, ११ महिने २४ दिवस.

"पडद्यावरची फुलं त्याला चेहरा वाटत असतील," ऋषिकेश म्हणाला. मधुरा हसली. खरंच हसली. वरून एक विमान उतरत गेलं आणि काचा थरथरल्या, रोजच्यासारख्या.

हसू थांबलं ते रविवारी. पडद्यापाशी पुन्हा तीच चौकट, ११ महिने २४ दिवस. केतकीच्या खाली मात्र २१ दिवस. सोमवारी केतकी २२ वर, आणि झिनुक होती तिथेच. कॅमेऱ्यातलं आजचं वर्ष बरोबर होतं, जन्मवर्ष बरोबर होतं. त्या हिशेबाने झिनुक आठ वर्षांची व्हायला हवी होती. दोघींना घड्याळ एकच, मग एकीचे दिवस सरतात आणि दुसरीचे का सरत नाहीत, असं मधुराने ऋषिकेशला विचारलं.

"सॉफ्टवेअरचा काहीतरी गोंधळ," तो म्हणाला, पण डोळ्याला डोळा न भिडवता.

 मधुरा बोटांवर दिवस मोजत होती. मंगळवारी २३. बुधवारी, संक्रांतीला, २४.

मंगळवारी सकाळी मंदाकिनीकाकू आल्या. काकूंचा जन्मच कोलकात्याचा. वडील इथे नोकरीला आले ते इथलेच झाले. निवृत्त शिक्षिका, पलीकडच्याच गल्लीत राहणाऱ्या, आणि बोरन्हाणाची सगळी सूत्रं त्यांच्याच हातात. त्यांनी हलव्याचे दागिने डब्यातून काढून दाखवले. मधुराने कौतुक केलं, पण तिचं लक्ष नाही हे शाळेत जन्म घालवलेल्या बाईला कळायला किती वेळ लागतो?

"काय झालंय गं?"

मधुराने कॅमेरा पुढे केला. काकूंनी चष्मा पुसला. तिन्ही छोटे फोटो पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"हे चंदन…" मधुरा म्हणाली. "अन्नप्राशनाचं असेल ना? बंगाल्यांत लावतात तसं?"

"अन्नप्राशनाला लावतात."

"मग?"

"अन्नप्राशन सहाव्या महिन्यात असतं, मधुरा. आणि तेव्हा बाळ जागं असतं…" काकूंनी कॅमेरा टेबलावर पालथा ठेवला. "चंदन आणखीही एकदा लावतात इथे, शेवटच्या वेळी. पुसून टाक हे. आत्ताच्या आत्ता."

ऋषिकेशने दुकानदाराला फोन केला. कॅमेरा इतर मालाबरोबर आला होता, कुणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. "रीसेट कर दीजिए," तो म्हणाला. ऋषिकेशने सगळं पुसलं, तारीख नव्याने घातली, नावांत फक्त केतकी ठेवली. पडद्याकडे कॅमेरा धरला. फुलंच दिसली, चौकट आली नाही. घरात जरा श्वास घ्यायला जागा झाली.

पण आकडे पुसले म्हणून डोक्यातून जातात थोडेच. एका बाळाला चोविसाव्या दिवसाच्या पुढे जाता आलं नव्हतं, आणि आपली पोर उद्या त्याच दिवसावर पोचणार होती. मधुराला दुसरं काही सुचत नव्हतं.  संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिने केतकीला घट्ट धरलं आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "तिला नेऊ नका. मोठी नाही झाली तरी चालेल. माझ्यापाशी राहू दे."

दिव्याची वात शांत जळत होती.

संक्रांत मात्र झकास झाली. केतकी काळ्या झबल्यात, अंगावर हलव्याचे दागिने, त्यातला मुकुट ती पुन्हा पुन्हा ओढून चाटत होती. काकूंनी औक्षण केलं आणि तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं ओतली. "ऋतू बाधू नये लेकराला," त्या मधुराकडे बघून म्हणाल्या. इमारतीतली बंगाली पोरं चॉकलेटांवर तुटून पडली. बोरांना मात्र एकानेही हात लावला नाही. सरस्वती पूजेच्या आधी बोर खाल्लं तर परीक्षेत नापास होतात, असं एका चिमुरडीने काकूंना बजावलं. सगळे हसले. ऋषिकेश फोटो काढत होता. केतकी, ११ महिने २४ दिवस.

मधुराने दिवसभर तिला खाली ठेवलं नाही. रात्री तिच्या पोटावर हात ठेवून ती पडून राहिली, आणि उजाडलं ते केतकीने तिचे केस ओढले तेव्हा. पंचविसावा दिवस होता. पोर ठणठणीत, भुकेली, हसरी. मधुरा इतकी रडली की ऋषिकेश घाबरून उठला.

दुपारी तिने आनंदाने एक फोटो काढला. ११ महिने २४ दिवस.

ऋषिकेशने तारीख तपासली. पंधरा जानेवारी, बरोबर. वाढदिवसाला, एकवीस तारखेला, केकपुढे बसवून काढलेल्या फोटोतही तेच. "गेला खड्ड्यात," म्हणून त्याने कॅमेरा बॅगेत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला, आणि उरलेले फोटो फोनवर काढले. कुणाला काही झालं नव्हतं. केतकी मजेत होती. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तिला वर्षाची लस दिली. महिन्याभराने थोडं नाक वाहत होतं म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा वजन लशीच्या दिवशी होतं तेवढंच भरलं, ग्रॅमचाही फरक नाही. "दात येताना खाणं कमी होतं," डॉक्टर म्हणाले. "मुलं थांबतात अशी मधेच, मग एकदम वाढतात."

त्या रविवारी मधुराने केतकीला तेल लावून न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. ऊन छान होतं. नखं कापावीत म्हणून तिने नेलकटर शोधला. बऱ्याच दिवसांत न लागल्यासारखा तो खणाच्या तळाशी होता. वाढदिवस, लस, पाहुणे यांत तिचे रविवार राहून गेले होते.

"अरे," तिने आतल्या खोलीत हाक मारली, "हिची नखं तू कधी कापलीस?"

"मी? मला भीती वाटते ती कापायची. तूच कापतेस ना दर रविवारी?"

मधुराने केतकीची मूठ उघडली. इवलीशी गुलाबी नखं, कडेला बरोबर कापलेली. संक्रांतीच्या सकाळी घाईघाईत कापताना उजव्या अंगठ्याच्या नखाचा एक कोपरा तिरका राहिला होता. दारात काकू आल्या म्हणून तिने तो तसाच सोडला होता. तो कोपरा अजून तेवढाच तिरका होता.