एकतीस एप्रिल

बावीस वर्षांच्या नोकरीत शरच्चंद्रने रजिस्टरात एकदाही खाडाखोड केली नव्हती, आणि हे तो लोकांना पदरचा चहा पाजून ऐकवी. नागपुरात आलेल्या परदेशी पाहुण्यांना मुक्काम वाढवून देणं, हे त्याचं टेबल. सत्त्याहत्तरचा एप्रिल होता. मार्चअखेरची कामं नुकतीच उपसून झाली होती आणि खिडकीतली वाळ्याची ताटी अकरालाच कोरडी पडत होती.

अशात इंदोऱ्याच्या अंजनाबाई ब्रह्मदेशातल्या एका म्हाताऱ्या भिक्खूंना, त्यांच्या भंतेजींना, घेऊन आल्या. अंजनाबाईंनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. वस्तीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला, तीन मेला, भंतेजींच्या हातून मूर्ती बसायची होती. आणि मुक्कामाची मुदत तर आजच, पंधरा एप्रिलला, संपत होती.

"एका वेळी पंधराच दिवस," शरच्चंद्र म्हणाला. "पुढचं पुढे पाहू."

भंतेजींचा नुसता सापळा उरला होता. छातीत खरखर होती. पण अंजनाबाईंच्या घरात शिकलेली मराठी ठणठणीत होती. "कागद म्हणते तेवढंच राहतो मी. एक दिवस जास्त नाही."

शरच्चंद्रला हसू आलं. सगळेच पाहुणे असे निघाले तर आणखी काय हवं! अंजनाबाई मात्र हसल्या नाहीत. भंतेजी दाराकडे वळल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरनं मार्चातच सांगतलं होतं, तीनच दिवसांचे सोबती म्हणून, साहेब. यायनं कागद काढून तारीख पाहिली, अन् राहिले. मले भेव लागून राहिलं."

म्हातारी माणसं काहीबाही बोलायचीच. त्याने भंतेजींच्या कागदावर आणि रजिस्टरात मुदत लिहिली, शिक्का मारला.

चार मेला मुदत संपलेल्यांची यादी काढताना त्याचं बोट थबकलं. त्याच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, एकतीस एप्रिलपर्यंत. महिनाभर 'एकतीस मार्च' लिहून सवयीला पडलेल्या हाताने घात केला होता. एप्रिलला एकतीस तारीख नसते, हे शाळकरी पोरही सांगेल. साहेबाच्या नजरेला पडलं तर बावीस वर्षं पाण्यात! रजिस्टर काखोटीला मारून त्याने सायकल इंदोऱ्याकडे पिटाळली.

पत्र्याच्या खोलीत नुसती भट्टी झाली होती. भंतेजी तखतावर ताठ बसले होते. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. छातीतली खरखर थांबली होती. शरच्चंद्रने कान दिला, तर श्वासही ऐकू येईना. खोलीत एक माशी नव्हती.

"काल मूर्ती बसवली त्यायनं," अंजनाबाई म्हणाल्या. "सारी वस्ती होती. पण तीस तारखेपासून पाण्याचा घोट नाही जी. निजलेबी नाहीत."

शरच्चंद्रने चूक सांगितली. ऐकता ऐकता अंजनाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी रजिस्टरावर तळहात ठेवला.

"नका खोडू जी. बापासारखे आहेत ते आमाले. राहू द्या."

"खोड, बापा," भंतेजी म्हणाले. "चार दिवस झाले, वाट पाहून राहिलो. ती तारीख येतच नाही."

शरच्चंद्रच्या अंगावर सर्रकन काटा आला. नोकरी गेली तरी चालेल, पण ही चूक राहावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. आपल्या फाटक्या कागदाचा शब्द एवढा कुणी पाळावा! त्याचे हात आपोआप जुळले.

भंतेजींनी त्यातला एक हात धरून पेनाकडे नेला. माठाच्या बुडासारखा गार स्पर्श होता.

त्याने भंतेजींच्या कागदावर एकतीस खोडलं. रजिस्टरातही खोडलं.

तीस लिहिलं.

दुरुस्तीखाली भंतेजींनी आपल्या देशाच्या गोल गोल अक्षरांत सही केली, मराठीत तारीख घातली, पेनाला टोपण लावून परत दिलं. मग डोळे मिटले.

गल्लीतले डॉक्टर रुपराव धावत आले. नाडी पाहिली. पापणी उचलली.

"बाई, हे आता नाही गेले," ते म्हणाले. "चार दिवस झाले. अन् काल मी यायच्याच हातून फूल घेतलं."

दाखल्यावर त्यांनी मृत्यूची तारीख लिहिली, तीस एप्रिल.

शरच्चंद्रने रजिस्टर उघडलं. सहीखाली चार मे होतं. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

शाई अजून ओली होती.