दोरीवरच्या चिंध्या

दोरी रिकामी होती.

मळ्यातली कामं उरकून विहिरीवरून परतलेल्या वेल्ताने बादली दारात टेकवली आणि ती अंगणाकडे बघतच राहिली. सकाळी याच दोरीवर तिने जवसाच्या तेलात भिजलेल्या सतरा चिंध्या एकेक करून टांगल्या होत्या, एकीचं अंग दुसरीला लागणार नाही अशा बेताने... आणि आता तिथे नुसते लाकडी चिमटे उरले होते!

"इनेसे, चिंध्या कुठं गेल्या गं?"

भावजय आत गुडघे टेकून उंबऱ्याजवळच्या शेवटच्या फळीला तेल चोळत होती. गेले दहा दिवस तिचं हेच चाललं होतं. घरातलं सगळं लाकूड एकाच जातीचं, पाइनचं, पण प्रत्येकाचा रंग निराळा. जमीन नारिंगी, फडताळ तपकिरी, टेबल काकवीसारखं, आणि तिच्या सासऱ्याच्या हातच्या खाटेवर तर चार रंगांची पुटं! लेकीचं, माडाराचं, लग्न ठरलं तशी इनेसेने कंबर कसली. सगळं घासून कोरं केलं आणि पांढरट तेल लावून एका रंगात आणलं. खरं सांगायचं तर घर सुरेख दिसत होतं, आणि वेल्ताने ते मनातल्या मनात कबूलही केलं होतं.

"सकाळीच आवरल्या," इनेसे मान वर न करता म्हणाली. "चारला व्याही येणार रीगाहून. त्यांच्या स्वागताला दारात चिंध्यांचं तोरण लावू का?"

"कुठं ठेवल्यास पण?"

"ताई, चिंध्याच त्या, तुमचे दागिने नव्हेत. ठेवल्यात कोंबून कुठंतरी. मी जाते शेजारी खुर्च्या मागायला, तोवर तुम्ही कशाला हात लावू नका म्हणजे झालं."

कशाला हात लावू नका! छत्तीस वर्षं वेल्ता हेच वाक्य ऐकत आली होती. या घरात तिला काडीसुद्धा ओढायची मनाई होती. काडेपेटी असायची भावाच्या, गुंतिसच्या, सदऱ्याच्या खिशात. चूल तो पेटवायचा, नाहीतर इनेसे. सबंध वस्तीला ठाऊक होतं, वेल्ताने लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि विसरली, म्हणून बापाची सुतारशाळा जळाली. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती, पंधरा दिवसांवर लग्न आलं होतं. तिच्या लग्नाची पेटी आत होती म्हणून बाप आगीत शिरला, पेटी ओढून बाहेर आणली, आणि तिसऱ्या दिवशी गेला... लग्न मोडलं. आई त्यानंतर नऊ वर्षं जगली, पण लेकीच्या हातचा पावाचा तुकडा तिने मरेपर्यंत घेतला नाही.

आणि शेगडीवर काहीच नव्हतं!

आग लागली तेव्हा वेल्ता सर्वांत आधी पोचली होती. भर दुपारी, ना दिवा ना विस्तव, बाकाखाली कोंबलेल्या तेलाच्या चिंध्यांच्या गोळ्यातून धूर निघताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. जवसाचं तेल वाळताना तापतं. चिंधी पसरलेली असली तर ऊब वाऱ्यावर जाते, गोळा केलेली असली की आतल्या आत साठते आणि आपली आपण पेटते. बापाने तिला हे शिकवलं होतं. धाकट्याला शिकवायचं राहून गेलं होतं. पंधरा वर्षांच्या गुंतिसने ताईच्या पेटीला तेल लावून चकित करायचं ठरवलं होतं, आणि हात पुसलेल्या चिंध्या, तिने बघू नयेत म्हणून, बाकाखाली दडवल्या होत्या. बापाच्या मरणाला कारण तो होता, आणि हे त्याला कधीही कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिने बापाच्या उशाशी घेतली होती.

म्हणून तर चिंध्या का टांगायच्या, हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. "वाळल्या की पुन्हा वापरता येतात," एवढंच म्हणायची. लोक तिला चिंगूस म्हणायचे. म्हणू देत, तिचं काही बिघडत नव्हतं.

पण आज! ती जिन्याखाली वाकली, लाकडांच्या खोपीत शिरली, न्हाणीघर पालथं घातलं. ऊन तापलं होतं. माजघरात येताच तिला वास आला... गोडसर, उग्र, कढई तापत ठेवल्यासारखा. छत्तीस वर्षांत एक दिवसही ती तो वास विसरली नव्हती.

भिंतीशी तिच्याच लग्नाची पेटी होती. कालच इनेसेने तिलाही तेल लावलं होतं, पुढून आणि दोन्ही बाजूंनी. मागची बाजू त्या आगीत कोळसा झालेली, तिच्यावर कुठला रंग चढणार? ती भिंतीकडे केली होती. वेल्ताने झाकणावर तळवा ठेवला. लाकूड तापलं होतं. मागच्या जळक्या फटीतून धुराचा एक धागा भिंतीवर चढत होता.

झाकण उघडलं तर वारा लागून भडका उडेल, हे तिला कळत होतं. बासष्ट वर्षांच्या त्या बाईने पेटीची लोखंडी कडी धरली आणि ओढायला सुरुवात केली. नव्या फळ्यांवर ओरखडे उठले. कडी हाताला चटके देत होती, पण तिने सोडली नाही. बाबा, तुम्हालाही अशीच पोळली असेल का हो ही... उंबरा ओलांडला आणि पेटी अंगणात उलटी झाली. झाकण उघडलं, चिंध्यांचा काळा लगदा बाहेर पडला आणि भप्पकन पेटला.

दुधाची गाडी लावून फाटकातून आत येणारा गुंतिस धावला. दारातली बादली त्याने ओतली, विहिरीवरून आणखी दोन आणल्या. तेवढ्यात हातात खुर्ची घेऊन इनेसे आली आणि जागच्या जागी थिजली.

"पुन्हा?" तिचा आवाज चिरकला. "एकदा सुतारशाळा जाळून पोट भरलं नाही का? माझ्या लेकीच्या दिवशी तरी..."

वेल्ताने सोललेले तळवे एप्रनखाली दडवले. मीच, असं म्हणायला तिने तोंडही उघडलं होतं.

"थांब," गुंतिस म्हणाला. त्याने खिशातून काडेपेटी काढली आणि बायकोपुढे धरली. "ही माझ्यापाशी आहे. सकाळपासून चूल पेटलेली नाही. मग हे पेटलं कशानं?"

"मी तर नुसत्या चिंध्या कोंबल्या होत्या त्यात," इनेसे पुटपुटली. "तेलाच्या."

गुंतिस पायरीवर बसला.

"ताई, मीही कोंबल्या होत्या. बाकाखाली."

"सरस मी ठेवला होता, गुंती."

"नको गं. सरसाचं भांडं त्या दिवशी बाहेर खिडकीत पालथं होतं. मी बघितलं होतं. पण तू म्हणालीस तुझी चूक, आणि मी... मला तेच बरं वाटलं." "आईनं तुझ्या हातचं खाल्लं नाही, तेव्हाही मी गप्प होतो. का केलंस हे?"

"तू पंधरा वर्षांचा होतास रे. तुला कळलं असतं तर तू बाबांच्या मागोमाग गेला असतास, मी ओळखत नव्हते का तुला? एक गेलाच होता. दुसरा मला घालवायचा नव्हता."

इनेसे हळूच खाली बसली, नणंदेचे हात तिने एप्रनखालून ओढून काढले आणि गार पाण्यात धरले. "एकदा तरी मला शिव्या घालायच्या होत्यात, ताई," ती म्हणाली.

वळणावर मोटारीचा आवाज आला. चार वाजले होते. अंगणात राख, उंबऱ्यावर ओरखडे, आणि पेटीची जळकी पाठ सगळ्यांदेखत वर! गुंतिस उठला. घटकाभरात दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा तो दिसत होता. जे वेल्ताने त्याच्यापासून एवढी वर्षं लपवून ठेवलं, ते आज त्याच्या पदरात पडलंच होतं.

त्याने उरलेल्या ओल्या चिंध्या उचलल्या आणि एकेक करून, अंतर सोडून, दोरीवर टांगल्या. इनेसेने त्याला अडवलं नाही. मग तो बहिणीपाशी आला आणि काडेपेटी तिच्या ओल्या हातात ठेवून त्याने तिची बोटं मिटली.

"पाहुण्यांना चहा लागेल. चूल तू पेटव."

वेल्ता आत गेली. पहिल्या दोन काड्या तिच्या पोळलेल्या बोटांत मोडल्या. तिसरी पेटली.