उणे एकोणपन्नास

माणसांच्या चालण्याचा अभ्यास करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिचं काम तसं सरळ होतं. जमिनीत ओळीनं बसवलेल्या, वजन मोजणाऱ्या चार लाद्या. त्यांवरून माणूस चालवायचा आणि पडद्यावर उमटलेले आकडे साठवायचे. पण सुट्टीच्या दुपारी चालायला येणार कोण? म्हणून तिनं बाबांनाच गळ घातली. त्यांचा गुडघा नुकताच बदलला होता आणि एकदा जरी पडले तरी पुन्हा उभे राहणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लेकीच्या हाताखाली काम करायला मिळणार म्हणून स्वारी खुशीत होती.

बाबा लाद्यांच्या पलीकडच्या टोकाला खुर्चीत बसले. चष्मा चमकला की चाल टिपणारे कॅमेरे गोंधळतात, म्हणून तो तिनं काढून घेऊन आपल्या टेबलावर ठेवला.

"अगं, बुटाची नाडी सुटलीये. मला काही वाकता येत नाही."

"आलेच बाबा. एवढं शून्य करते."

प्रत्येक वेळी आधी आकडे शून्य करायचे, हा तिथला नेमच होता. धूळ, ओल, काहीबाही असतंच. आज टेबलाजवळच्या पहिल्या लादीवर एकोणपन्नास किलो दिसत होते. लादी तर रिकामी होती. वायरींचा घोळ असेल, असं पुटपुटत तिनं बटण दाबलं. चारही आकडे शून्य झाले.

मग पहिला आकडा आपोआप बदलला. उणे एकोणपन्नास.

वजन असताना शून्य केलं आणि मग ते वजन उचललं, तरच आकडा उणे जातो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. म्हणजे मघाशी तिथं कुणीतरी उभं होतं... आणि आता नव्हतं.

दुसऱ्या लादीवर एकोणपन्नास आले. मग तिसऱ्या. पावलांचा आवाज नव्हता. मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी चालू होती आणि बंद खोलीत कुठूनसा ओलसर, कुबट वास यायला लागला होता. चौथ्या लादीवर आकडा जरा रेंगाळला आणि गेला. त्या लादीपुढे फक्त बाबांची खुर्ची होती.

बाबांनी पाय पुढे केला.

"जरा सैल बांध गं," ते खाली बघत म्हणाले. "आवळतंय."

ती अजून टेबलापाशीच होती.

"बाबा..."

"एवढ्या लांबून काय बोलतेस?" बाबांनी गोंधळून मान वर केली.

ती धावली. दाराकडे पळावंसं वाटत होतं, पण बाबांना तिथं सोडून जाणं तिच्यानं होणार नव्हतं. तिनं त्यांचा डावा हात घट्ट धरला, त्यांना उठवलं आणि जवळजवळ ओढतच चालवायला लागली.

"चला बाबा. काही बोलू नका... चला."

दोन पावलांवर बाबा थबकले. त्यांचा तोल जात होता.

"अगं, एकच हात धर की," ते कळवळून म्हणाले. "दोन्हीकडून ओढलंस तर पडेन मी."