पुसलेल्या बाजूवरचे दोन ठोके

"माझ्या आईचा आवाज पुसलात तुम्ही."

इंदूनं टू-इन-वन टेपरेकॉर्डर काउंटरवर असा आदळला, की महेबूब मिस्त्रीच्या हातातला स्क्रू घरंगळून कुठल्या कुठं गेला.

भूकंपाला पाच वर्षं झाली होती. किल्लारीकडच्या गावात ढिगाऱ्याखालून आईचं प्रेत निघालं आणि हा टेप निघाला, आत कॅसेट अडकलेली. आईला लिहिता येत नसे. लेकरांना निरोप ती कॅसेट भरून धाडायची. ही धाडायची राहून गेली. इंदूला इतकी वर्षं ऐकायची हिंमत झाली नाही. गेल्या आठवड्यात तिनं टेप दुरुस्तीला दिला. महेबूबनं हेड साफ केलं, पट्टा बदलला, तेव्हा कुठं घोगरा आवाज माणसात आला.

आणि आता नुसती खरखर.

मागोमाग तिचा थोरला भाऊ आत आला. माधवराव सर. त्यांच्या फिजिक्सच्या क्लासला जागा मिळाली की लातुरात आईबाप पेढे वाटत. सरांनी अंगठीनं काउंटरवर ठोकलं. टक, टक.

"इकडं लक्ष द्या, मिस्त्री. दुकानाला कुलूप लावा. न्हाईतर लोक लावतील."

शेजारचे दुकानदार डोकावू लागले. महेबूबनं हातातलं काम बाजूला सारलं. दुकानाचं बापापासूनचं नाव, आणि बोभाटा व्हायला इथं चहा निवायचाही अवकाश लागत नाही. पण त्याला संतापही आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा कुठला न्याय?

"ताई, टेप दुकानातून कुणी नेला?"

"दादानं. सोमवारी सकाळी."

"तुमच्या हातात कधी आला?"

"मंगळवारी संध्याकाळी."

"दोन्ही बाजू ऐकल्या?"

"एक ऐकली. अर्धा तास खरखर. तिथून उठले ती इथंच आले."

महेबूबनं कॅसेट काढली, डोळ्याला भिंग लावलं, मागची कड न्याहाळली. मग तो हसला. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

"भूकंपात गेलेल्या माणसांच्या कॅसेटा माझ्याकडं लई आल्या, ताई. माझा नेम हाय. अशा कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मी मोडून टाकतो, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत न्हाई. दोन बाजू, दोन खाचा. आता बघा, एका खाचेत कागदाचा बोळा हाय. बोळा घातला की परत भरता येतं. ज्याला पुसायचं, तोच घालतो."

"तुम्हीच घातला असंल," सर म्हणाले.

"मग हे ऐका."

त्यानं पुसलेली बाजू पहिल्यापासून लावली, आवाज शेवटपर्यंत पिळला. खरखर. टक, टक. पुन्हा खरखर.

"नवं चढलं की जुनं जातं. पण तोंड दाबून बसलं तरी खोलीतला आवाज चढतोच. सर, तुमच्या लेक्चरच्या कॉप्या मीच काढतो. दरेक लेक्चर असंच सुरू होतं, दोन ठोके मारून. रेकॉर्डचं बटण दाबलं अन् हात आपसूक गेला. आत्ता आलात तवाही गेला."

सरांनी अंगठीचा हात खिशात घातला.

"दादा, कशासाठी?" इंदूनं विचारलं.

सरांनी दाराकडं पाहिलं.

"ते मला ठाऊक न्हाई," महेबूब म्हणाला. "आवाज येतो का बघण्यापुरतं मी दोन्हींकडचं एकेक वाक्य ऐकलं होतं, बस. पण सरांचं लेक्चर एका बाजूतच संपतं. कॅसेट उलटायची त्यांना सवय न्हाई."

त्यानं कॅसेट उलटली.

"माधवा, हा तिसरा निरोप हाय. जमीन हालायली रे. भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली. तू म्हणतूस परीक्षा झाल्यावर नेतो. मला भ्या वाटतंय, आताच ने..."

आईला आणायला गेलो होतो, तीच यायला तयार नव्हती, असं पाच वर्षं सर सगळ्या भावकीला सांगत आले होते.

"...अन् इंदूला कळू देऊ नगंस. तिला घोर लागंल."

सरांचा हात बंद करायच्या बटणाकडं गेला. इंदूनं मनगट धरलं. ती रडत होती, पण पकड ढिली नव्हती.

"पूर्ण ऐकल्याबिगर वर्गातून उठायचं न्हाई, असं पोरांना सांगतोस ना?" ती म्हणाली. "बस तिथं."

सर स्टुलावर बसले.