पुन्हा आलेला संदेश टाकून द्यावा

काम तसं अर्ध्या तासाचं होतं. इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डात जायचं, खाटांजवळच्या बिनतारी बेल तपासायच्या आणि ‘यंत्रात दोष नाही’ या छापील कागदावर सही ठोकून परत यायचं. कागद साहेबांनी आधीच भरून दिला होता, सहीपुरती जागा काय ती मोकळी. चिमटाबाईने तो पिशवीत घातला आणि दुपारचं जेवण उरकून ती निघाली. चिमटाबाई हे तिचं बेल बनवणाऱ्या कंपनीतलं नाव. बारीकसारीक भाग उचलायचा चिमटा सदा हातात, म्हणून पडलेलं.

वॉर्डात दुपारची सामसूम होती. पडदे ओढलेले, फिनेलचा वास, आणि कुणाच्या तरी छातीतली घरघर. सहा नंबरची खाट मोकळी होती, गादी गुंडाळलेली. आठवड्यापूर्वी तिथल्या आजी गेल्या. नाकातली ऑक्सिजनची नळी निसटली आणि वेळेवर कुणी आलं नाही.

आजींच्या मुलीचं म्हणणं, आई बेल दाबल्याशिवाय राहणारच नाही. सिस्टरचं म्हणणं, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बेल एकदा वाजली, जाऊन उशी सरळ करून आले, पुन्हा वाजलीच नाही. बेलचे संदेश घेणाऱ्या टेबलावरच्या यंत्रातली नोंदही एकाच बेलची. मग वरच्या लोकांनी ठरवून टाकलं की सिस्टरनेच कटकट नको म्हणून यंत्र बंद केलं असणार. बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला घरी बसवलं. चिमटाबाईची सही झाली की ते कायमचं होणार होतं.

तपासणीपुरतं सिस्टरला बोलावून घेतलं होतं. घरच्या कपड्यांत ती स्वतःच्याच टेबलासमोर पाहुण्यासारखी बसली होती.

“मी बहिरी नाही हो ताई,” ती हळूच म्हणाली. “दहा पावलांवर इथंच बसले होते.”

वॉर्डातल्या मावशींनी कपाटातून सहा नंबरची बेल आणून टेबलावर ठेवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत मोहोरबंद, बॅटरी काढून शेजारी चिकटवलेली.

चिमटाबाईने टेबलावरच्या यंत्राला वायर जोडली आणि तिला गेल्या तीन वर्षांत न आठवलेली एक गोष्ट आठवली.

या बेलच्या पोटात संदेश पाठवणारी एक चिप असते. ती बनवणारे लोक तिच्या दोषांची यादी स्वतःच छापून देतात, आणि ती छापताना त्यांना लाजबीज काही वाटत नाही. त्यातला चौदावा दोष असा, की बॅटरी वाचवण्यासाठी घेतलेल्या झोपेतून जागी होताना चिप कधीकधी मागचाच संदेश आपणहून पुन्हा पाठवते. खाली तोडगा दिलेला: पंधरा मिनिटांत पुन्हा आलेला तोच संदेश टाकून द्यावा. आणि त्याखाली: दोष दुरुस्त करण्याचा विचार नाही. बघा म्हणजे. घर गळतंय हे घरमालकाला ठाऊक, आणि भाडेकरूने वर बघू नये हा त्यावरचा उपाय.

तो तोडगा यंत्रात चिमटाबाईनेच बसवला होता. “पण साहेब, आजारी माणूस तर पुन्हा पुन्हाच दाबणार ना,” असं एकदा म्हणाली होती. साहेब म्हणाले, खोट्या बेल वाजल्या तर माल परत येईल. त्यावर ती मूग गिळून बसली. आता तिला स्वतःचीच चीड आली.

टाकून दिलेल्या संदेशांची यादी तिने तेव्हा चाचणीसाठी यंत्राच्या एका कोपऱ्यात ठेवली होती. ती तिने उघडली. खाट सहा, तो दिवस, तीन चौदा ते तीन चोवीस. त्रेचाळीस वेळा.

चिप स्वतः चुकते तेव्हा घड्याळासारखी चुकते, बरोबर आठ-आठ सेकंदांनी. हे तसं नव्हतं. एक बेल, मग लगोलग दोन, मग थांबून पाच. यंत्र असं चिडत नाही, माणूस चिडतं.

सिस्टरने आकडा वाचला आणि तोंडावर हात ठेवला.

यादी तिथे संपायला हवी होती. पण खाली दुसऱ्या दिवसाची तारीख होती. त्याखाली तिसऱ्या. रोज तीन चौदाला सुरुवात. मधे अख्खा दिवस गेला तरी यंत्र त्यांना जुन्याच हाका समजून टाकून देत होतं. चिमटाबाईने पिशवीकडे पाहिलं. मोहोर शाबूत, बॅटरी बाहेर.

भिंतीवरच्या घड्याळात तीन चौदा झाले.

पिशवीतल्या बेलचं रबरी बटण आत दबलं... आणि वर आलं. पडद्यावर एक ओळ वाढली. मग लगोलग दोन.

“आजींची सवयच ती,” मावशी कुजबुजल्या. “एका हाकेवर कुणी येत नाही म्हणायच्या...”

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. सही झाली का, म्हणाले. चिमटाबाईने त्रेचाळीस बेलचं सांगितलं.

“तोडगा चिपवाल्यांचा आहे, आपला नाही,” ते म्हणाले. “सही कर आणि ये.”

चिपवाल्यांनी कागदावर लिहून हात झटकले, साहेबांनी चिपवाल्यांवर ढकललं, आणि फासावर कोण, तर बावीस वर्षं रात्रंदिवस धावलेली बाई. चोर सोडून संन्याशाला फाशी! चिमटाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन ठेवला आणि यंत्रातला तो तोडगा पुसून टाकला.

त्याच क्षणी बेल वाजली. मोठ्यांदा. सहा नंबरच्या मोकळ्या खाटेवरचा लाल दिवा लागला. झोपलेल्या बायका दचकून उठल्या. बेल थांबेना.

सिस्टर उभी राहिली. सवयीनेच असेल. भराभर चालत ती खाटेपाशी गेली.

“आले आजी,” ती म्हणाली. “आले बघा... मला ऐकूच आलं नव्हतं हो.”

बेल थांबली. दिवा विझला. सिस्टर तिथेच गुंडाळलेल्या गादीला टेकून रडत राहिली.

चिमटाबाईने साहेबांचा कागद उलटा केला. मागे सगळं लिहिलं: चौदावा दोष, तोडगा, त्रेचाळीस वेळा, आणि तोडगा बसवणारी म्हणून स्वतःचं नाव. त्या कागदाच्या जोरावर सिस्टर कामावर परत आली.

साहेबांनी मात्र दुरुस्ती त्या एका वॉर्डापुरतीच मान्य केली. तेच यंत्र आणखी एकतीस इस्पितळांत आहे. तिथलं, तक्रार आली की बघू, म्हणाले.

चिमटाबाई ऐकणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, लख्ख उजेडात, तिने आपल्या टेबलावरचं एक कोरं यंत्र घेतलं. ते कुठल्याच वॉर्डाला जोडलेलं नव्हतं, आसपास एकही बेल नव्हती. तिने त्यातला तोडगा पुसला.

खाट चार वाजली. मग सतरा, लगोलग दोनदा. मग बावीस. मग इतक्या, की आकडे पडद्यावर मावेनात. सहा नंबर त्यांत नव्हता; त्या हाकेला कुणीतरी गेलं होतं.

तो आवाज बंद कर, म्हणून साहेब केबिनमधून ओरडले. तिने बंद केला नाही. एकतीस इस्पितळांची यादी समोर ओढली आणि पहिला नंबर फिरवला. यंत्र खाटेचा आकडा दाखवतं, इस्पितळाचं नाव दाखवत नाही. पलीकडे कुणी फोन उचलेपर्यंत चार नंबर पुन्हा वाजली, आणि मग एकदम थांबली. कुणी धावून गेलं म्हणून थांबली, की दाबणारा हातच थांबला, ते पडद्यावर दिसत नव्हतं.