नीलांबरीची सीट

वाचून कुणीतरी ‘काहीही हं’ म्हणणारच. खुशाल म्हणा. त्या सीटला मी हात लावलाय, तुम्ही नाही.

फेब्रुवारी २००५. न्यू जर्सीतलं पिस्कॅटवे. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. शनिवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं आणि पार्किंग लॉटच्या कडेला मळका बर्फ सारून ठेवलेला होता.

मी शरयू. माझा नवरा प्रसाद, त्याच्या ऑफिसातला संग्राम आणि वरच्या मजल्यावरचा त्र्यंबक, या तिघांनी चार महिने माझ्या हॉलमध्ये एकाच गाडीचं रवंथ केलं होतं. दोन दारांची नवी स्पोर्ट्स कार. अजून बाजारात यायची होती, पण यांना तिचा नट न् नट पाठ. दर रविवारी लॅपटॉपवर गाडीवेड्यांचा फोरम उघडायचा, पोह्यांच्या बशा तशाच सुकायच्या आणि यांचं सुरू व्हायचं.

“सिक्स-स्पीड मॅन्युअलच घे यार. ऑटोमॅटिकमध्ये काय मजा?”

“स्पॉयलर घेऊ की सनरूफ? दोन्ही घेतलं तर बजेट बोंबलतं.”

“हीटेड सीट्स घे रे,” त्र्यंबक दर वेळी सांगायचा. “इथला विंटर आहे, बायको कुडकुडेल.”

“त्यासाठी लेदर पॅकेज घ्यावं लागतं,” गाडी घेणारा संग्राम म्हणायचा. “मला कापडी सीटच हवी. हीटर कॅन्सल.”

ही हीटरची गोष्ट लक्षात ठेवा.

बायको म्हणजे संग्रामची नीलांबरी. लग्नाला अकरा महिने झाले होते, पण व्हिसा अडकल्यामुळे ती अजून नागपुरातच होती. संग्रामने तिला फोनवर शब्द दिला होता की नव्या गाडीत माझ्या शेजारी पहिली तूच बसशील. तोवर त्या सीटचं प्लास्टिकही काढणार नाही.

आपली माणसं नव्या गाडीचं प्लास्टिक वर्षवर्ष काढत नाहीत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. खरं सांगते, मला ते गोडच वाटलं होतं.

जानेवारीत गाडी आली. कुणीतरी बुक केली होती, पण न्यायला आलंच नाही, म्हणून शोरूमवाल्याने संग्रामला लगेच दिली. का आलं नाही, हे संग्रामने विचारलं नाही. ऑप्शन्स जुळत होते, त्याला तेवढं पुरलं.

नीलांबरी रविवारी येणार होती. म्हणून शनिवारी दुपारी गाडीला हळदकुंकू लावायला मी खाली उतरले.

संग्राम स्टिअरिंगवर बसला होता. शेजारची सीट रिकामी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. त्याने गाडी सुरू केली आणि...

टिंग... टिंग... टिंग...

“काय वाजतंय?”

“शेजारच्याने बेल्ट लावला नाही की वाजतं, वहिनी. सीटखाली सेन्सर असतो.”

“पण शेजारी आहे कोण?”

“ओव्हरसेन्सिटिव्ह आहे यार तो. फोरमवर विचारलंय मी.” रोजची सवय असल्यासारखा त्याने हात लांब केला, रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खटकन लावला.

आवाज थांबला.

मी मात्र त्या बेल्टकडेच बघत राहिले. रिकाम्या सीटवर बेल्ट कसा बसतो? सपाट, पाठीला चिकटून. हा तसा बसला नव्हता. हा सीटपासून चांगला वीतभर पुढे... ताणलेला होता.

मध्ये काहीच नव्हतं.

मग वास आला. कुजलेल्या फुलांच्या पाण्याचा... आणि त्यात मिसळलेला खवट खोबरेल तेलाचा. पदर कुठला, मी जॅकेटची बाही नाकाला लावली आणि वळसा घालून पलीकडचं दार उघडलं.

प्लास्टिकला आतून घाम आला होता.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि इथे घाम! तोही सगळीकडे नाही. दोन मांड्या टेकतात तिथे... पाठ टेकते तिथे... आणि वर, डोकं टेकतं तिथे एक पिवळट तेलकट गोल डाग.

“संग्राम, हे काढून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“वहिनी, एकच दिवस राहिलाय. तिला प्रॉमिस केलंय मी.”

मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. मी प्लास्टिकच्या कडेतून दोन बोटं आत घातली.

कापड ओलं होतं. कोमट होतं. बोटं बाहेर काढली तेव्हा त्यांना दुधावरच्या सायीसारखा एक पापुद्रा चिकटून आला... आणि त्या पापुद्र्यावर बारीक लव होती. आपल्या हातावर असते तशी.

मी तिथेच बर्फावर ओकले.

“मोल्ड असेल, बुरशी,” संग्राम म्हणाला. त्याने रुमाल आत सरकवून सीट पुसली. मग त्याच रुमालाने स्वतःचं कपाळ पुसलं आणि तो खिशात घातला. त्या क्षणी मला त्या सीटइतकीच त्याचीही शिसारी आली. बायको यायची आहे, नाकाला वास झोंबतोय, आणि याला गाडीतली खोट कबूल करायची नव्हती!

घरी मी भांड्यांच्या साबणाने चारदा हात धुतले. प्रसादला म्हटलं, “उद्या नीलांबरीला आपल्या गाडीत घेऊ.” तो हसला. पण त्याने संग्रामला फोन केला. संग्राम नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नेवार्क एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मी तिला पहिल्यांदा पाहिलं. किरकोळ अंगाची, झोपेने डोळे तांबारलेली पोर. मला वाकून नमस्कार केला आणि एकदम मिठीच मारली.

“शरयूताई नं? हे फोनवर सारखं तुमच्याबद्दल सांगतात.”

“तू आमच्या गाडीत ये गं. पाय पसरून बसता येईल.”

तिने संग्रामकडे पाहिलं. अकरा महिने थांबली होती ती. तो दार उघडून उभा होता. तिच्यासमोर त्याने प्लास्टिक टराटरा फाडलं... आणि खालची सीट कोरडी होती. स्वच्छ, कोरी.

सांगायचं ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण नुकत्याच उतरलेल्या मुलीला काय सांगणार? लोक काय म्हणतील, प्रसाद चिडेल, संग्राम दुखावेल. मी बाजूला सरले.

ती बसली. संग्रामने गाडी सुरू केली. तिने बेल्ट लावला नव्हता. मी त्या टिंगटिंगची वाट बघत होते...

वाजलंच नाही. रिकाम्या सीटवर रोज वाजणारा सेन्सर माणूस बसल्यावर गप्प होता.

नीलांबरीने काच खाली केली. चेहरा नुसता खुलला होता.

“ताई, बघा नं! मला थंडी वाजेल म्हणून यांनी सीट किती छान गरम करून ठेवली आहे.”

संग्रामचं हसू मावळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या सीटला हीटर नव्हता, हे त्याला, प्रसादला आणि मला माहीत होतं.

गाडी निघून गेली.

संग्रामने दोन महिन्यांत ती विकली. आता तो कुठल्याच गाडीबद्दल बोलत नाही.

आज तीन वर्षं झाली. नीलांबरी धडधाकट आहे. जीव लावणारी मुलगी, कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या की डबा घेऊन आधी माझ्याकडे येते. सोफ्यावर बसून तासभर गप्पा मारते. मी लांब, लाकडी खुर्चीवर, खिडकी उघडी टाकून.

ती गेली की मी कुशनला हात लावते.

कोमट असतं... ओलं असतं. आणि तो वास...

आतापर्यंत तीन कव्हरं टाकून दिली. तिचा डबासुद्धा मी कचऱ्यात रिकामा करते, आणि मग स्वतःचीच किळस येते.

गेल्या आठवड्यात तिने विचारलं, “ताई, तुम्ही आजकाल मला जवळ का नाही घेत?”

मी तिला जवळ घेतलं. श्वास रोखून, डोळे मिटून.

माझ्या मिठीत ती तेवढीच किरकोळ होती. पण माझे दोन्ही हात तिच्या पाठीपर्यंत पोचलेच नाहीत... वीतभर अलीकडेच अडले.